दळणाच्या आवाजातला अभ्यास

मी पुण्याला निघाले त्या दिवशी बाबांनी गिरणी बंद केली. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. दारात दळणाचे डबे रांगेनं लागलेले होते, लाइट होती, पट्टा धड होता, आणि तरी त्यांनी खटका खाली ओढला. मग टॉवेलनं भुवयांवरचं पीठ झटकत ते माझ्या बॅगेपाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं होतं गुपचूप जीपमध्ये बसावं आणि निघून जावं. पण गिरणी थांबली तशी अर्धी गल्ली बाहेर आली. "काय झालं? गिरणी काहून बंद?" जो तो विचारायला लागला. शेजारच्या रशीदचाचांच्या घरातून चाची तर ओल्या हातानं धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणाला करंट लागला. बाबा सगळ्यांना सांगत होते, "काई न्हाई, काई न्हाई, पोरगी शिकायला चालली पुन्याला." जीप गोरेगावच्या रस्त्याला लागली तरी मागून काही ऐकू येत नव्हतं, आणि मला सारखं वाटत होतं की यांनी गिरणी चालू ठेवायला हवी होती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आज ती लिहायला बसले त्याचं कारण आठवण नाही, राग आहे. मागच्या महिन्यात गावाकडून फोन आला. गावातल्या मंडळींनी मिळून आमच्या गिरणीला लागून असलेल्या हॉलमध्ये अभ्यासिका काढायचं ठरवलं आहे, उद्घाटनाला प्रमुख पाहुणी म्हणून मी यावं, असं म्हणाले. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मग पलीकडून आवाज आला, "आन् तुमच्या बाबांनी बी मोठं मन दाखवलं मॅडम. चार ते सात अभ्यासिकेचा टाइम हाय, तवर गिरणी बंद ठेवतो म्हनले. तुमच्या वक्ताला तुमाला जी तकलीफ झाली ती या लेकरायला नको."

चार ते सात. शेतातून परतलेली बाई हातपाय धुऊन डबा डोक्यावर घेते आणि गिरणीवर येते ती याच वेळेला. रात्रीच्या भाकरीचं पीठ याच वेळी दळलं जातं. त्यानंतर आमच्याकडच्या लाइटचा भरवसा कुणी देत नाही. या तीन तासांत गिरणी बंद म्हणजे बाया स्टँडजवळच्या नव्या गिरणीवर जाणार, आणि एकदा पाय तिकडं वळला की बाईमाणूस पुन्हा रस्ता बदलत नाही. बाबांची गिरणी दोन-चार महिन्यांत आपोआप मरेल, कुणी मारलीही म्हणणार नाही. आणि हे सगळं माझ्या नावानं. माझ्या तकलिफीच्या नावानं. कसली तकलीफ? मला कुणी विचारलं होतं?

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोरेगावच्या पुढं, सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. सोयाबीन, तूर, थोडा कापूस. बाबा तरुणपणी हिंगोलीला एका मिस्त्रीच्या हाताखाली जळालेल्या मोटरींत नवी तार भरायला शिकले होते. ते गावात परत आले आणि त्यांनी आमच्या वस्तीच्या तोंडाशी पिठाची गिरणी टाकली. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. पहिले काही महिने आमच्या बौद्ध वस्तीतली घरं आणि रशीदचाचांसारखी दोन-चार मुसलमान घरं सोडली तर दळण घेऊन कुणी यायचंच नाही. वरच्या आळीतल्या बाया जीपमध्ये डबे चढवून गोरेगावला दळायला न्यायच्या. जीप आमच्या दारावरूनच जायची. कारण कुणी तोंडानं सांगत नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. बाबा दाराशी बसून राहायचे आणि आई झाडलेलीच जागा पुन्हा झाडायची. गिरणीत माशी उडाली तरी ऐकू यायची. शांततेत मन एकाग्र होतं असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी त्या महिन्यांत आमच्याकडं येऊन बसायला पाहिजे होतं.

मग एका पावसाळ्यात गोरेगावच्या रस्त्यावरच्या नाल्याचा पूल खचला आणि जीप आठ-दहा दिवस बंद पडली. घरात पीठ संपलं. पहिल्या दिवशी एक म्हातारी आली, तिनं डबा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आपण लांब उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. त्यांच्या पोटात आमच्या गिरणीचं पीठ गेलं, कुणाला काही झालं नाही, तेव्हा पूल दुरुस्त झाल्यावरही येत राहिल्या. त्या दिवसापासून गिरणी जी सुरू झाली ती सुरूच. बाबा म्हणायचे, "वाजून राहिली ना? मंग बराबर हाय सगळं." त्या आवाजाचा आमच्या घरात अर्थ काय होता, हे आता कळलं असेल.

माझा अभ्यास त्या आवाजात झाला. वजनकाट्याशेजारी एक उलटा डबा हे माझं टेबल, आणि गव्हाचं भरलेलं पोतं हे टेकायला. वह्या पांढऱ्या व्हायच्या. शाळेत गुरुजी वही उघडायच्या आधी झटकायचे आणि म्हणायचे, "काय गं, वहीला पावडर लावतेस का?" वर्ग हसायचा, मीही हसायचे. पण मी तिथं नुसती बसलेली नसायचे, माझ्याकडं काम होतं. दगडांच्या वर पत्र्याचं नरसाळं असतं, त्यात दाणे टाकतात. दाणे असेपर्यंत गिरणीचा आवाज भरलेला, एकसारखा येतो. दाणे संपत आले की तो पातळ होतो, मोटर हलकी पळायला लागते. तेवढ्यात कुणीतरी उठून चाक फिरवून दगड वर उचलायचे, खालचा डबा काढायचा, दुसरा लावायचा. उशीर झाला तर दगडावर दगड घासून खराब होतात, किंवा एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात जातं. आमच्या गिरणीत तर असं होऊन चालणारच नव्हतं. बाबा वजन करत असायचे, आई डबे चाळून घेत असायची, म्हणून आवाजावर कान ठेवायचं काम माझं. ज्वारी चालली की गहू, हे मी मान वर न करता सांगायचे. हरभऱ्याची डाळ तर शेंबडं पोरही ओळखेल.

त्यामुळं झालं असं, की आवाज एकसारखा चालू असला की मी गणितात बुडून जायचे आणि आवाज बदलला की माझे पाय आपोआप उठायचे. कुणाला मला हाक मारावी लागायची नाही. दहावीला मी केंद्रात पहिली आले ती त्या उलट्या डब्यावर बसून. एकाग्रता म्हणजे काय हे मला माहीत होतं, फक्त तिला एकाग्रता म्हणतात हे माहीत नव्हतं.

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आले तेव्हा मैत्रिणीनं एका अभ्यासिकेत जागा मिळवून दिली. लाकडी फळ्यांचे कप्पे, प्रत्येकाला एक दिवा, पायात चप्पल नको, भिंतीवर चार ठिकाणी 'शांतता राखा'. पहिल्या दिवशी मी इतिहासाचं पुस्तक उघडलं, अर्धं पान वाचलं आणि उठून उभी राहिले. का उठले ते मला कळेना. बसले, पुन्हा दोन परिच्छेद वाचले, पुन्हा उठले. बाजूची मुलगी डोळे वटारून बघायला लागली. पाणी पिऊन आले, तोंड धुऊन आले, जागा बदलून घेतली. आठवडा गेला तरी तेच. त्या खोलीत पन्नास जण श्वास धरून बसलेले, कुणी पान उलटलं की चरचर ऐकू यायची, कुणी खोकलं की सगळ्यांच्या माना वळायच्या, आणि माझं अंग दर पाच मिनिटांनी म्हणायचं, ऊठ, काहीतरी बंद पडलंय.

अभ्यासिका चालवणाऱ्या गृहस्थांनी मला एक दिवस बाहेर बोलावलं. फार गोड बोलायचे ते. म्हणाले, "तुझी चूक नाही बेटा. तिकडच्या, हिंगोली-परभणीकडच्या मुलांना सलग बसायची सवयच नसते. गोंगाटात वाढलेली असतात ना. मन स्थिर व्हायला वेळ लागतो." मी मान खाली घालून "हो सर" म्हटलं. आज आठवलं तरी कानशिलं तापतात. सलग बसायची सवय नाही? माझ्या गावातल्या बाया सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कंबरेत वाकून निंदतात, त्यांना सवय नाही? माझी आई डबा चाळायला बसली की तीन तास मांडी मोडत नव्हती. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. तेव्हा मला वाटलं, हे शिकलेले आहेत, हे म्हणतात ते खरं असेल, माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे. सगळ्यात जास्त राग मला त्या 'हो सर'चा येतो.

खोलीवरच्या मैत्रिणीनं मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. हेडफोन लावायचा आणि हवा तो आवाज निवडायचा. त्यात रिमझिम पाऊस होता, समुद्र होता, जळत्या लाकडांचा आवाज होता, आणि कुठल्यातरी परदेशातल्या कॉफीशॉपमधला कपबशांचा आवाज होता. लोक म्हणे हे लावून अभ्यास करतात, ऑफिसची कामं करतात, अगदी नामी उपाय आहे. मी थक्कच झाले. म्हणजे आवाज लागतो! सगळ्यांनाच लागतो! फक्त तो कुणाचा आहे यावर त्याला एकाग्रता म्हणायचं की गोंगाट ते ठरतं. परक्या देशातल्या चमच्यांची किणकिण चालते, पण आमच्या ज्वारीची घरघर म्हणजे मागासलेपण. मी तो पाऊस लावून पाहिला, मला झोप लागली. कॉफीशॉप लावलं तर कुणीतरी मागं येऊन उभं राहिलंय असं वाटायला लागलं.

शेवटी मी आईला फोन केला. म्हटलं, गिरणीचा आवाज फोनमध्ये भर आणि पाठव, मला अभ्यासाला लागतो. आईला हे चमत्कारिक वाटलं असणार, पण तिनं एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चांगलं तासभराचं रेकॉर्डिंग आलं. मी अभ्यासिकेत बसून हेडफोन लावला आणि डोळे मिटले. मोटर ऐकू आली, पट्ट्याची ती ओळखीची टपटप ऐकू आली, आणि दुसऱ्या क्षणाला मी खुर्ची मागं सारून ताडकन उभी! या वेळी खुर्ची पडली. मोठा आवाज झाला. बसले, तर पुन्हा तेच, पहिल्यापेक्षा वाईट. आधी निदान पाच मिनिटं बसत होते, आता बसताच येईना. त्याच संध्याकाळी माझी जागा रद्द झाली. गोड बोलणाऱ्या गृहस्थांनी समजावून सांगितलं की इतर विद्यार्थ्यांचाही विचार करावा लागतो.

मी रडत आईला फोन केला, विचारलं, तू नेमकं काय भरून पाठवलंस? आई म्हणाली, "अगं, दाने लई कडकड वाजतेत. लोकं बी बडबड करतेत. तुझं ध्यान मोडल म्हून म्या समद्यायला बाहेर बसवलं, दगड वर उचलला, आन् निस्ती मोटर चालवली. एक दाना पडू देला न्हाई."

एक दाणाही पडू दिला नाही. माझ्या आईनं लेकीच्या अभ्यासासाठी रिकामी गिरणी तासभर चालवली होती. आणि रिकाम्या गिरणीचा आवाज म्हणजे माझ्या अंगाला हुकूम होता, ऊठ, दाणे संपलेत. मी रडता रडता हसायला लागले. आईला सांगितलं तेव्हा तीही हसली, आणि मग म्हणाली, "मंग असं सांग ना, गहू टाकून पाठवते." दुसरं रेकॉर्डिंग आलं त्यात सगळं होतं. गहू, बाबांचा खोकला, चाचींचं मोठ्यानं हसणं, कुणाचं तरी सोयाबीनच्या भावावरून चाललेलं भांडण, आईचं "झाकन लाव गं बाई, मांजर तोंड घालून राहिली." ते लावून मी पीजीच्या खोलीत, खाटेवर पोथीसारखी पुस्तकं मांडून बसले. पहिल्याच दिवशी सलग चार तास बसले. दोन वर्षांनी यादीत नाव लागलं. आज मी एका सरकारी कार्यालयात कर सहायक आहे.

खरी चिडायची गोष्ट इथून पुढं. निकालानंतर आठ दिवसांत त्याच अभ्यासिकेच्या दारावर माझा फोटो असलेला फ्लेक्स लागला. 'आमच्या शांत व प्रसन्न वातावरणात घडलेली यशस्वी विद्यार्थिनी.' मी तिथं जाऊन म्हटलं, सर, तुम्ही मला काढून टाकलं होतं. ते अजून गोड झाले. "अगं, तुझंच नाव होतंय ना? गावाकडच्या मुलांना प्रेरणा मिळते." मी आणखी चार शब्द बोलायला हवे होते, पण तोवर त्यांनी पेढ्याचा पुडा पुढं केला होता आणि मी तो घेऊन बाहेर आले. त्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी काढला आणि तो गावाच्या ग्रुपवर फिरला. शांत वातावरणात घडलेली करुणा, म्हणजे मी. आमच्याकडं छापलेल्या गोष्टीवर माणसं विश्वास ठेवतात.

आता माझी स्वतःची चूक, जी सांगायला मला सगळ्यात जड जातंय. गावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, माइक. माझी ओळख करून देणारे म्हणाले, प्रतिकूल परिस्थितीवर मात करून, गिरणीच्या कर्कश आवाजात अभ्यास करून या लेकीनं गावाचं नाव काढलं. टाळ्या पडल्या. आणि मी माइकसमोर उभी राहिल्यावर काय बोलले? मीही तेच बोलले. म्हटलं, कान किटायचे, पुस्तकावर पीठ उडायचं, पण मी जिद्द सोडली नाही. सत्काराला तसंच बोलायचं असतं असं मला वाटलं. लोकांना दुःख ऐकायला आवडतं आणि मी त्यांना ते काढून दिलं, नसलेलं. बाबा पहिल्या रांगेत धुतलेल्या सदऱ्यात बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून मागच्या महिन्यात तो फोन आल्यावर मी आधी सगळ्यांवर चिडले आणि मग बाबांना फोन लावला. ओरडलेच म्हणा ना. "बाबा, गिरणी बंद ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला? ज्या आळीतले लोक दारावरून डबे न्यायचे त्यांना आता आपला आवाज नको झाला का?"

बाबा म्हणाले, "त्यायनं न्हाई सांगितलं माय. मीच म्हनलो." मग म्हणाले, "तुझ्या दहावीच्या वक्ताला बंद ठेवाया पाह्यजे व्हती. लई वाटायचं मनात. लेकरू आवाजात बसून राहिलं, आन् आपन दळून राहिलो. पन दारात डबे असायचे. तू सत्काराला बोलली ना, तवापसून लईच लागून राहिलं."

इतकी वर्षं माझा बाप स्वतःला गुन्हेगार समजत होता. ज्या आवाजानं मला घडवलं तो आवाज म्हणजे लेकीवर केलेला अन्याय, असं मनात धरून तो रोज खटका वर करत होता. आणि ते त्याच्या मनात पक्कं करणारी मी, शाल पांघरून, माइकवर.

मागच्या रविवारी मी गावी गेले. हिंगोलीहून एसटीनं सेनगाव, तिथून जीप. अभ्यासिका अजून सुरू व्हायची आहे, रंग चालू आहे, पण बाबांनी सवय लावून घ्यायची म्हणून चार वाजता खटका खाली ओढलाच. त्याच वेळी कोपऱ्यावर एक बाई डबा घेऊन आली, तिनं बंद गिरणीकडं बघितलं, आणि काही न विचारता स्टँडच्या दिशेनं वळली. मी बाबांना म्हटलं, मला आवाजाचा कधीच त्रास झाला नाही, उलट तो नसला की माझं काही होत नाही. बाबा हसले. "मला बरं वाटावं म्हून म्हनून राहिली तू." आईनं रेकॉर्डिंगची साक्ष दिली तरी त्यांना ते पटेना, घराची आठवण येते म्हणून मागवलं असशील म्हणाले. लेक मोठी झाली, साहेबीण झाली, आता बापाचं मन राखते, एवढंच त्यांना दिसत होतं.

शेवटी मी पर्समधून हेडफोन काढला आणि त्यांच्या कानांवर चढवला. तेच रेकॉर्डिंग, जे मी आजही ऑफिसात फायली बघताना लावते. बाबा डोळे बारीक करून ऐकत राहिले. पहिलं वाक्य म्हणाले, "हा गहू हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "दगड झिजलता, टाकी मारायची व्हती तवा. खरखर करून राहिला." मग त्यांचा स्वतःचा खोकला आला असावा, कारण ते दचकले आणि त्यांनी हेडफोन हातानं घट्ट धरला. मला वाटलं आता काढतील, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मी आणि आई समोर बसून त्यांचा चेहरा बघत होतो. हेडफोन काढल्यावर त्यांनी विचारलं, "हे तू रोज ऐकती?" मी म्हटलं, रोज. "तिथं? साहेबायच्या म्होरं?" म्हटलं, हो. त्यांनी टॉवेल तोंडावरून फिरवला, आणि पीठ नसताना उगाच बराच वेळ पुसत राहिले.

मी मंडळींना निरोप दिला आहे. अभ्यासिका हवीच, तिला चांगले दिवे हवेत, पंखे हवेत, आणि ज्यांना निवांतपणा लागतो त्यांच्यासाठी मागच्या बाजूची खोली आहे, तिची खिडकी शेतावर उघडते. पण माझ्या नावानं गिरणी बंद होणार असेल तर मी फीत कापायला येणार नाही. आले तर माइकवर आधी मागच्या सत्काराचं भाषण खोटं होतं हे सांगेन आणि मग बाकीचं बोलेन. "असं कसं मॅडम, लोक काय म्हनतील?" असं विचारून झालं. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. गिरणी सुरू झाली तेव्हाही त्यांना पुष्कळ म्हणायचं होतं.

आणि तुम्ही, जे माझ्यासारखे पुण्यात, मुंबईत, कुठं परदेशात कानात काहीतरी घालून कामाला बसता, तुम्हाला एक विचारते. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी कानात समुद्राच्या लाटा लावून बसतो आणि एप्रिल आला की मला म्हणतो, "तुमच्याकडं जयंतीला केवढा आवाज असतो हो." मी पूर्वी कसनुसं हसायचे, आता हसत नाही. तुमच्या कानात कुणाचा आवाज आहे, आणि तो सांगायची लाज वाटते का? माझ्या पीजीतली एक मुलगी कोकणातल्या तिच्या काकूचं भांडी घासणं रेकॉर्ड करून ऐकायची आणि विचारलं की सांगायची, पाऊस आहे.

मला आता घर म्हणजे एवढंच कळतं, की जिथं माझ्या कामासाठी दुसऱ्या कुणाला आपलं काम थांबवावं लागत नाही ते घर. आई रिकामी गिरणी चालवत होती, बाबा भरली गिरणी बंद करत होते, दोघांनाही वाटत होतं की लेकीसाठी आपण बाजूला व्हायला पाहिजे. मला ते बाजूला झालेले नको होते. निघताना हे मी बाबांना सांगितलं. ते फक्त "बघू" म्हणाले, आणि त्यांच्या "बघू"चा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही.

म्हणून बाबा, हे आई तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा नीट ऐका. मी उद्या बरोबर साडेचार वाजता तुम्हाला फोन करणार आहे. तुम्ही उचलला, तर गिरणी बंद आहे असं समजून मी भांडणार आहे. फोन गल्ल्यावर ठेवा आणि दळत राहा. तुम्हाला तो ऐकूच गेला नाही, तर मी इकडं पूर्ण वाजू देईन.